चोडण मये मतदारसंघात का? गोव्यातल्या मतदारसंघांच्या सीमा ठरतात कशा

चोडण बेट तिसवाडी तालुक्यातलं. पण विधानसभेला चोडणकर मत देतात ते मये मतदारसंघात, डिचोली तालुक्यातल्या लोकांबरोबर. शेजारचं दिवाडी बेटही तिसवाडीतलंच, ते मात्र कुंभारजुवे मतदारसंघात. पणजी महानगरपालिकेचे काही प्रभाग ताळगावच्या आमदाराकडे. आणि प्रियोळचं कोडं तर याहून गमतीचं: फोंडा तालुका २०१५ च्या जानेवारीत उत्तर गोवा जिल्ह्यातून दक्षिण गोव्यात गेला, म्हणून प्रियोळचे लोक जिल्ह्याने दक्षिणेचे झाले, पण खासदार निवडतात उत्तर गोव्याचा. फोंडा, शिरोडा आणि मडकई हे त्याच तालुक्यातले बाकीचे तीन मतदारसंघ दक्षिण गोवा लोकसभेत आहेत.

ही कारकुनी गफलत नाही. जिल्हा, तालुका, पंचायत या सीमा सरकार प्रशासनाच्या सोयीने बदलू शकतं. मतदारसंघाची सीमा तशी बदलत नाही. ती ठरवणारी यंत्रणा वेगळी, आणि ती ज्या आकड्यावर उभी असते तो आकडाही वेगळा. गोव्यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ रेषा कोणी ओढली यात कमी असतं. ती कुठल्या वर्षीच्या शिरगणतीवर ओढली, यात जास्त असतं.

आज लागू असलेला नकाशा

आज आपण ज्या ४० मतदारसंघांत मतदान करतो, त्यांच्या सीमा २००२ च्या परिसीमन (म्हणजे मतदारसंघांच्या सीमा आखण्याच्या) कायद्याखाली नेमलेल्या आयोगाने ठरवल्या. अध्यक्ष होते सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश कुलदीप सिंग. कायद्यानुसार आयोग तिघांचा असतो: सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश, मुख्य निवडणूक आयुक्त किंवा त्यांनी नेमलेले दुसरे निवडणूक आयुक्त, आणि त्या त्या राज्याचे राज्य निवडणूक आयुक्त. यात आमदार-खासदार कुठेच नाहीत. ते असतात ‘सहयोगी सदस्य’ म्हणून. एरवी एका राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार घेतात; गोव्याचे लोकसभेत दोनच खासदार, म्हणून आपल्याकडे दोन अधिक पाच असे सातच. त्यांना बोलता येतं, वेगळा प्रस्ताव मांडता येतो, आणि तो मसुद्याबरोबर छापावाही लागतो. मत देण्याचा किंवा निर्णयावर सही करण्याचा अधिकार मात्र नाही. ‘आमदाराने आपला वाडा दुसऱ्या मतदारसंघात ढकलला’ असं गावात बोललं जातं तेव्हा हे लक्षात ठेवावं. आमदार वजन टाकू शकतो, पण सही त्याची नसते.

१९ फेब्रुवारी २००८ ला आयोगाचे आदेश लागू झाले. धारगळ, पाळी, लोटली आणि पैंगीण ही नावं विधानसभेच्या यादीतून गेली. पर्वरी, साखळी, नुवे आणि दाबोळी ही नवी आली. लोकसभेत पणजी आणि मुरगाव यांच्या जागी उत्तर गोवा आणि दक्षिण गोवा आले. अनुसूचित जातींची राखीव जागा धारगळ गेल्यावर पेडण्यात आली.

इथे एक बारकावा आहे. नव्या सीमा लागू झाल्या तरी निवडून आलेलं सभागृह विसर्जित होईपर्यंत जुन्याच सीमांवर चालतं. मधली पोटनिवडणूकही जुन्याच सीमांवर होते. म्हणून गोव्याने २००९ ची लोकसभा नव्या मतदारसंघांत लढवली, पण २००७ ला निवडलेले आमदार जुन्या मतदारसंघांचेच राहिले. नवे मतदारसंघ विधानसभेला पहिल्यांदा दिसले ते २०१२ मध्ये.

गणित: ३३,६९२ डोकी

आयोगाने हाताशी धरलेला आकडा होता २००१ च्या जनगणनेचा. गोव्याची लोकसंख्या तेव्हा १३,४७,६६८. भागिले ४० केलं की एका मतदारसंघामागे सरासरी ३३,६९२ येते. प्रत्येक मतदारसंघ नेमका एवढाच करणं शक्य नसतं, कारण गावं कापायची नसतात. म्हणून आयोगाने स्वतःसाठी एक मर्यादा घालून घेतली: सरासरीच्या दहा टक्के वर किंवा खाली. म्हणजे गोव्यात साधारण ३०,३२० ते ३७,०६०. हा दहा टक्क्यांचा नियम कायद्यात लिहिलेला नाही, ते आयोगाचं मार्गदर्शक सूत्र होतं. अडचणीची भूरचना असेल तिथे सोडताही येतं.

कायद्याच्या ९ व्या कलमात काय आहे ते पाहू. मतदारसंघ शक्यतो भौगोलिकदृष्ट्या आटोपशीर हवा. आखताना भूरचना, प्रशासकीय सीमा, दळणवळण आणि लोकांची सोय बघायची. विधानसभेचा मतदारसंघ पूर्णपणे एकाच लोकसभा मतदारसंघात बसला पाहिजे, अर्धा इकडे अर्धा तिकडे चालत नाही. अनुसूचित जातींच्या राखीव जागा राज्याच्या वेगवेगळ्या भागांत विखरायच्या आणि त्यांचं प्रमाण तुलनेने जास्त असेल तिथे ठेवायच्या. अनुसूचित जमातींच्या जागा जिथे त्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त, तिथे.

आता चोडण परत बघा. तिसवाडीला जायचं तर रायबंदरची फेरी. मये-डिचोलीच्या बाजूला थेट रस्ता. तालुक्याची सीमा एक सांगते, दळणवळण दुसरं, आणि कायद्यात दोन्ही एकाच ओळीत आहेत. कुठलं जड धरायचं हे आयोगाने ठरवायचं. एक निकष नेहमी दुसऱ्यावर मात करतो असं कायदा म्हणत नाही, त्यामुळे ‘आमचा तालुका एक, मग मतदारसंघ वेगळा कसा’ हा एकटा मुद्दा टिकत नाही.

आकड्यांचा खेळ एका काल्पनिक उदाहरणावर करून बघू. ‘अ’ मतदारसंघात ३६,२०० लोक, शेजारच्या ‘ब’ मध्ये ३१,०००. दोन्ही मर्यादेत आहेत. अ मधलं २,८०० वस्तीचं गाव ब मध्ये नेलं तर अ ३३,४०० आणि ब ३३,८००: उत्तम. पण उलट, ब मधल्या ९०० वस्तीच्या वाड्याने ‘आमची शाळा, बाजार, चर्च सगळं अ मध्ये आहे’ म्हणून तिकडे जायची मागणी केली, तर अ होतो ३७,१००. मर्यादा ३७,०६० ची. चाळीस डोक्यांनी मागणी अडते, शिवाय ब ३०,१०० वर येऊन खालच्या मर्यादेबाहेर पडतो. मग अ मधलं दुसरं काहीतरी तिसरीकडे न्यावं लागतं, ते तिसऱ्याला जड होतं, आणि चार मतदारसंघ पुन्हा आखावे लागतात. म्हणून एक गाव हलवायची साधी वाटणारी विनंती फेटाळली जाते, आणि लोकांना वाटतं मागे राजकारण आहे. कधी असेलही. बऱ्याचदा बेरीज असते.

गोव्यात हे गणित मोठ्या राज्यांपेक्षा जास्त बोचतं, कारण मतदारसंघ चिमुकले आहेत. २०२२ च्या विधानसभेत फोंड्याचा निकाल ७७ मतांनी आणि सांत आंद्रेचा ७६ मतांनी लागला. एक मध्यम आकाराची बिल्डिंग रेषेच्या या बाजूला की त्या बाजूला, यावर आमदार बदलू शकतो.

दुसरी गोष्ट: मोजतात ती लोकसंख्या, मतदार नव्हे. लहान मुलं आणि मतदारयादीत नाव नसलेले परप्रांतीय कामगारही जनगणनेत धरले जातात. त्यात सीमा एकदा ठरल्या की वस्ती वाढते-घटते, रेषा तिथेच राहते. २०२२ मध्ये वास्कोत ३५ हजारांच्या आसपास मतदार होते, तर लागूनच्या मुरगावात २० हजारांच्या आसपास. एकाच बंदराच्या कुशीतले दोन मतदारसंघ, आणि एका मताचं वजन जवळपास पावणेदोन पट वेगळं.

नकाशा नव्हे, गावांची यादी

परिसीमन आदेश उघडला तर रंगीत नकाशाची अपेक्षा असते. कायदा म्हणून जे लागू होतं ते मात्र कोष्टक असतं: मतदारसंघाचा क्रमांक, नाव, आणि त्यात येणारा प्रदेश शब्दांत. क्रमांकही सहसा वायव्येकडून सुरू होऊन नागमोडी दक्षिणेकडे उतरतात; म्हणून १ नंबर मांद्रे, ४० नंबर काणकोण.

या वर्णनातली प्रशासकीय सीमा १५ फेब्रुवारी २००४ ची धरलेली आहे. आदेशात एखाद्या तालुक्याचा उल्लेख असेल तर तो त्या दिवशीचा तालुका. नंतर धारबांदोडा हा बारावा तालुका झाला, फोंडा दुसऱ्या जिल्ह्यात गेला, पालिकांच्या हद्दी वाढल्या; मतदारसंघ जागचे हलले नाहीत. प्रियोळचं कोडं इथे सुटतं.

आणखी एक घोळ नेहमी होतो. मतदान केंद्र बदललं, यादीतला भाग क्रमांक बदलला, किंवा फेरतपासणीत नाव कमी झालं की ‘आमचा मतदारसंघ बदलला’ असा गलका होतो. केंद्रं आणि यादी हे निवडणूक नोंदणी अधिकाऱ्यांचं काम आहे आणि त्याचं निवारण वेगळ्या अर्जांनी होतं. मतदारसंघाच्या सीमेशी त्याचा संबंध नाही.

दोन वर्षांच्या फरकाने हुकलेल्या चार जागा

गोव्यापुरता या विषयाचा गाभा इथे आहे.

२००१ ची जनगणना झाली तेव्हा गोव्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत धोडिया, दुबळा, नायकडा, सिद्दी आणि वारली अशी नावं होती. संघप्रदेशाच्या काळात दमण-दीवसकट केलेली ती यादी. यातले लोक गोव्यात नावापुरतेच. जनगणनेत अनुसूचित जमातींची लोकसंख्या निघाली ५६६. सगळ्या राज्यात पाचशे सहासष्ट. गावडा, कुणबी आणि वेळीप हे समाज यादीत आले २००३ च्या जानेवारीत.

राखीव जागांचं सूत्र साधं आहे: एकूण जागा गुणिले त्या समाजाचं लोकसंख्येतलं प्रमाण. अनुसूचित जाती २३,७९१, म्हणजे १.७७ टक्के, ४० ने गुणलं तर ०.७१, म्हणजे एक जागा. ती पेडणे. अनुसूचित जमाती ५६६, गुणाकार ०.०२. शून्य जागा. आयोग काम करत होता तेव्हा गावडा, कुणबी, वेळीप कायद्याने अनुसूचित जमाती झालेले होते, पण आयोगाला बांधून दिलेल्या २००१ च्या आकड्यांत ते त्या रकान्यात नव्हतेच.

२०११ च्या जनगणनेत हेच लोक त्या रकान्यात मोजले गेले: १,४९,२७५, एकूण १४,५८,५४५ पैकी. म्हणजे १०.२३ टक्के. ४० ने गुणलं तर ४.०९, चार जागा. पण २०११ च्या आकड्यांवर पुनर्रचना करायची मुभाच नव्हती (कारण पुढे येतं). म्हणून २०१२, २०१७ आणि २०२२ या तिन्ही विधानसभा या समाजांसाठी एकही राखीव जागा नसताना झाल्या.

यावर तोडगा म्हणून संसदेत खास गोव्यासाठी विधेयक आलं: ५ ऑगस्ट २०२४ ला लोकसभेत मांडलं, वर्षभराने, ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं. त्याची वाट अशी: आधी जनगणना आयुक्तांनी नंतर यादीत आलेल्या समाजांसकट अनुसूचित जमातींची लोकसंख्या निश्चित करून राजपत्रात जाहीर करायची; मग निवडणूक आयोगाने त्या आकड्यावर २००८ च्या आदेशात दुरुस्ती करून राखीव जागा ठरवायच्या. संपूर्ण पुनर्रचनेची वाट न बघता फक्त आरक्षणापुरता हा मार्ग काढला आहे. त्यात जागा निवडताना मतदारसंघ अनुसूचित जमातींच्या टक्केवारीने उतरत्या क्रमाने लावले की वरचे चार डोळ्यांसमोर येतात. इथे टक्केवारी महत्त्वाची, डोकी नव्हे. मोठ्या मतदारसंघात संख्या जास्त असूनही प्रमाण कमी असेल तर तो खाली जातो.

विधानसभेची राखीव जागा पंचायतीसारखी फिरत नाही. पेडणे २०१२ पासून राखीव आहे, पुढच्या पुनर्रचनेपर्यंत तसंच राहणार. सरपंचपदाच्या चक्रानुक्रमाची सवय असलेल्यांना हे पचायला जड जातं.

घड्याळ कोणी थांबवलं

मूळ घटनेची कल्पना अशी की दर दहा वर्षांनी जनगणना झाली की जागा आणि सीमा नव्याने जुळवायच्या. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने हे घड्याळ २००१ च्या जनगणनेपर्यंत थांबवलं. कारण कुटुंबनियोजन नीट केलेल्या राज्यांच्या जागा घटून त्यांना शिक्षा होऊ नये. मग ८४व्या दुरुस्तीने ते २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत पुढे ढकललं. राज्यांतर्गत सीमा तेवढ्या बदलू दिल्या. त्यासाठी आधी १९९१ चे आकडे धरले होते, ते २००३ च्या ८७व्या दुरुस्तीने २००१ चे झाले. २०११ ची जनगणना या दोन दारांच्या मधल्या बोळात सापडली. ती झाली, छापली गेली, पण मतदारसंघांच्या कामी आली नाही.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख सरकारने १ मार्च २०२७ जाहीर केली. ती २०२६ नंतरची, म्हणजे ८४व्या दुरुस्तीतल्या अटीत बसणारी. महिलांसाठी एक तृतीयांश जागांची तरतूद करणारी २०२३ ची १०६वी दुरुस्तीही जनगणना आणि त्यानंतरच्या पुनर्रचनेला जोडलेली होती.

गोव्याच्या जागा ४० च का, हाही प्रश्न येतो. एरवी राज्याच्या विधानसभेत किमान ६० सदस्य लागतात. गोव्यासाठी घटनेत ३७१-झ हे कलम घालून किमान ३० ची सूट दिली. ३० मे १९८७ ला घटकराज्य झालं, त्याआधीच्या संघप्रदेशाच्या विधानसभेत ३० जागा होत्या: २८ गोव्याच्या, एक दमणची, एक दीवची. ४० जागांची पहिली निवडणूक १९८९ ची.

पंचायत आणि पालिका: वेगळा कायदा, वेगळी खोट

प्रभागांचं काम परिसीमन आयोगाकडे नसतं. घटनेने मतदारयाद्या आणि निवडणूक घेणं राज्य निवडणूक आयोगाकडे दिलं. प्रभाग आखायचे कोणी आणि कसे, हे राज्याच्या कायद्यावर सोडलं. तिथे सत्ताधाऱ्यांचा हात जास्त जवळ पोहोचतो, आणि खटलेही तिथेच जास्त होतात.

२०२१ चं प्रकरण गोव्यात सगळ्यांना आठवत असेल. पालिका निवडणुकांच्या तोंडावर पालिका प्रशासन संचालकांनी प्रभाग आरक्षणाचा आदेश काढला. उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाने १ मार्च २०२१ ला मडगाव, म्हापसा, मुरगाव, सांगे आणि केपे या पाच पालिकांचं आरक्षण रद्द केलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे १२ मार्चला हरलं. एक मुद्दा महिलांच्या जागांचा होता. पालिकांसाठी घटना म्हणते ‘एक तृतीयांशापेक्षा कमी नाही’. मडगावात २५ प्रभाग. एक तृतीयांश ८.३३. आठ ठेवले तर कमी पडले, नऊच हवेत. विधानसभेच्या राखीव जागांना मात्र ‘शक्य तितकं जवळचं प्रमाण’ असा शब्द आहे, म्हणून तिथे ४.०९ चे चारच होतात. दोन्हीकडे अपूर्णांकच, पण शब्दरचना वेगळी म्हणून एकीकडे वर चढतो, दुसरीकडे खाली उतरतो. अधिसूचना तपासताना पहिल्यांदा हा शब्द बघावा.

त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट उघड्यावर मांडली: गोव्याच्या कायदा सचिवांकडेच राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त ताबा होता. सरकारी नोकरीतल्या माणसाला हे पद देणं म्हणजे घटनेची थट्टा, असं न्यायालय म्हणालं, आणि तसं पुन्हा करायचं नाही असं सगळ्या राज्यांना बजावलं. एका छोट्या राज्याच्या पाच पालिकांमुळे देशभरासाठी नियम झाला.

हरकत घ्यायची तर

आयोग मसुदा भारताच्या आणि राज्याच्या राजपत्रात छापतो, हरकतींची शेवटची तारीख देतो, मग जाहीर सुनावणी घेतो. खिडकी एवढीच. अंतिम आदेश छापला की त्याला कायद्याचं बळ येतं. तो लोकसभेच्या आणि विधानसभेच्या पटलावर ठेवला जातो, पण त्यांनाही त्यात काना-मात्रा बदलता येत नाही. न्यायालयाचं दारही जवळपास बंद. घटनेचं कलम ३२९ तसं सांगतं, आणि १९६६ च्या मेघराज कोठारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते पक्कं केलं. जुलै २०२४ मध्ये किशोरचंद्र राठोड प्रकरणात न्यायालयाने दार किलकिलं केलं: आदेश उघडउघड मनमानी आणि घटनेच्या मूल्यांना सोडून असेल तर तपासता येईल. पण त्या भरवशावर मसुद्याची तारीख चुकवू नये.

हरकतीत भावना कितीही खरी असली तरी तिच्याने गाव हलत नाही. कुठलं महसुली गाव किंवा प्रभाग, त्याची त्या जनगणनेतली लोकसंख्या, ते काढल्यावर आणि घातल्यावर दोन्ही मतदारसंघांची बेरीज किती, दहा टक्क्यांत बसते का, मध्ये नदी किंवा खाडी आहे का, पूल की फेरी, बस कुठे जाते, बाजार आणि आरोग्य केंद्र कुठे: हे एका पानावर मांडलं तर सुनावणीत तेच पान पुढे सरकतं. घेणाऱ्या मतदारसंघाचा आकडा दिला नाही, तर आयोगाचा पहिला प्रश्न तोच असतो. ग्रामसभेचा ठराव जोडावा, पण त्यात ‘अमुक आमदाराची मतं फुटतील’ असं वाक्य आलं तर उरलेल्या चांगल्या मुद्द्यांवरही पाणी पडतं. मतदारसंघाचं नाव बदलायची मागणी असेल तर ती वेगळ्या अर्जात करावी. सीमेच्या मागणीत ती मिसळली की दोन्ही रेंगाळतात. आणि गुगलच्या नकाशावर आखलेली वाड्याची हद्द जोडू नये. जनगणनेचा गट आणि लोकांच्या तोंडचा वाडा यांच्या सीमा क्वचितच जुळतात. मामलेदार कार्यालयात गावनकाशा बघून त्यातली गावसीमा दाखवावी.